पोट उतरवण्याचं कारण

पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने अचानक पोट कमी करायला घेतलं की पुण्यात त्याच्याबद्दल दोनच तर्क होतात. एक, डॉक्टरांनी दम भरला असणार. दोन, कुठेतरी प्रकरण चालू असणार. मी बऱ्यापैकी धडधाकट दिसत असल्यामुळे ऑफिसात पहिला तर्क लगेच बाद झाला आणि माझं प्रकरण चालू आहे असं ठरलं. कोणाशी, यावर मात्र एकमत होत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातल्या उकडलेल्या दुधीकडे बघून लोक खाकरायचे. एकाने तर "सर, आम्हालाही भेटवा कधी," म्हणून डोळा मारला.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरत होती. ती नारायण पेठेत वाढलेली, त्यामुळे असल्या बातमीसाठी विळी थांबवायची तिला गरज वाटली नाही. "अहो, खरंच असेल कोणी तर तिला म्हणावं, डबाही तूच देत जा. मला रोज दुधी उकडायचा कंटाळा आलाय." तिला खरं कारण माहीत होतं, म्हणून ती एवढी निवांत होती. नसतं माहीत, तरी बहुधा हेच म्हणाली असती.

खरं कारण होतं माझा थोरला भाऊ.

आम्ही मूळचे वारज्याचे. शहर आमच्याकडे नंतर राहायला आलं. दादा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा आणि तरुणपणी गावच्या तालमीतला नावाजलेला पैलवान. आसपासच्या जत्रांत त्याने पुष्कळ कुस्त्या मारल्या. मग गुडघा दुखावला आणि कुस्ती सुटली. खुराक मात्र सुटला नाही. सकाळी म्हशीचं दूध, त्यात वाटलेले बदाम, भाकरीवर तुपाची धार, हे सगळं पुढे वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं. फरक एवढाच, की आधी ते आखाड्यात जिरायचं आणि नंतर पडवीतल्या खुर्चीत जिरवायचा प्रयत्न व्हायचा. आमच्या घरात याला कोणी खाणं म्हणत नसे. खाणं ही चैन होती, खुराक हे कर्तव्य होतं.

दादा कोणाकडे काही मागत नसे. वडील गेल्यावर जमिनीचे व्यवहार, घर, माझं शिक्षण, सगळं त्याने अंगावर घेतलं, पण जेवताना त्याने मीठ मागितल्याचंही मला आठवत नाही. आमटी अळणी झाली तर अळणी खायचा. वहिनी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखून मिठाचं भांडं पुढे सरकवायची. आम्हा सगळ्यांना याचा फार अभिमान होता. आता वाटतं, अशा माणसाबरोबर राहणं घरच्यांना महाग पडतं.

तर या दादाचं यकृत निकामी झालं. आधी डोळे पिवळे झाले, मग पाय सुजले, मग पोटात पाणी साठायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की चरबी साठून साठून यकृत दगडासारखं झालंय. दादाला त्या दुखण्यापेक्षा त्याच्या नावाचा जास्त त्रास झाला. कारण यकृत बिघडलं म्हटलं की लोक हातातला ग्लास शोधायला लागतात, आणि दादा जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. पिऊन तालमीत आलेल्या कितीतरी जणांना त्याने कान धरून बाहेर काढलं होतं. त्याची एकच अट होती. ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. "गाव म्हणंल, पैलवान चोरून पीत हुता," तो म्हणाला. तूप खाऊन माणसाचं यकृत जाऊ शकतं यावर गावात कोणी विश्वास ठेवला नसता. आमच्या घरातही फारसा कोणी ठेवत नव्हता.

उपाय एकच होता, दुसरं यकृत. मृत माणसाचं मिळायचं तर रांग मोठी. नाहीतर जवळच्या नातेवाइकाने आपल्यातला एक भाग द्यायचा. यकृत दोघांच्याही पोटात पुन्हा वाढतं, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीचा रक्तगट जुळेना. दादाची एकुलती मुलगी अजून शाळेत. राहिलो मी. हॉटेलात बिल आल्यावर आधी हात पुढे करावा तसं मी चटकन "मी देतो" म्हणून टाकलं. बोलून होईपर्यंत सगळ्यांचे डोळे भरून आले होते आणि शब्द मागे घ्यायला जागा उरली नव्हती.

माझ्या तपासण्या झाल्या. मग आम्ही तिघं, म्हणजे दादा, मी आणि माझी बायको, डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि एका करड्या डागावर पेन ठेवून सांगितलं की माझ्याही यकृतात चरबी आहे. इतकी चरबी असलेला भाग काढता येत नाही. तुम्हालाही धोका आणि त्यांनाही. दोन-तीन महिने आहेत आपल्याकडे, तेवढ्यात चरबी उतरवा. रोज दम लागेपर्यंत चाला, पळा, सायकल मारा. तूप, साखर, साय, तळलेलं पूर्ण बंद. मग पुन्हा तपासू. नाही उतरली, तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही.

दादा हे सगळं ऐकत होता. टेबलावर ठेवलेलं प्लास्टिकचं यकृत उचलून तो हातात तोलून बघत होता. 

मी मात्र घाबरलो होतो. आजवर माझं पोट हा घरातल्या विनोदाचा विषय होता. आता तेच पोट दादाच्या आणि त्याच्या जगण्याच्या मध्ये आडवं आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी जिममध्ये नाव घातलं. ही जिम आमच्या जुन्या रानात आहे. म्हणजे ओढ्याकडचं आमचं ज्वारीचं रान विकलं गेलं, तिथे इमारत झाली आणि तिच्या पहिल्या मजल्यावर जिम झाली. वडील त्या रानात औतामागे दिवसभर चालायचे आणि दिवस मावळेपर्यंत काहीतरी उरकलेलं असायचं. मी त्याच जागी पैसे भरून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायचो आणि उतरायचो तिथेच. समोर भल्यामोठ्या टीव्हीवर बहुतेक वेळा पाककृतींचा कार्यक्रम लागलेला असे. घाम पुसत, धापा टाकत मी पनीरच्या कितीतरी भाज्या मुखोद्गत केल्या.

तिथल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, गोल काय आपला?" खरा गोल सांगण्याजोगा नव्हता. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर उघड्या अंगाच्या एका माणसाचं पोस्टर होतं, पोटावर पावाच्या लादीसारखे उंचवटे. सुचेना म्हणून मी तिकडे बोट दाखवलं. ट्रेनरच्या चेहऱ्यावर जी श्रद्धा उमटली ती मी आजवर फक्त देवळात बघितली होती.

"अ‍ॅब्ज ना सर? होणार! हंड्रेड परसेंट होणार. कसंय सर, अ‍ॅब्ज सगळ्यांना असतात. देवानेच दिलेले असतात. फक्त वर फॅट असतं म्हणून दिसत नाहीत. लोक येतात आणि आडवं पडून क्रंचेस मारत बसतात. क्रंचेसनी काय होणार? आधी फॅट जायला पाहिजे. आणि फॅट कशाने जातं? कार्डिओ! पळायचं, सायकल मारायची. आपण फक्त झाकण काढायचं सर, आत माल तयारच आहे."

मला हे तत्त्वज्ञान आवडलं. डॉक्टर जे रागावून सांगत होते तेच हा माणूस उत्साहाने सांगत होता. दोघांनाही माझी चरबीच हवी होती. एकाला तिच्याखालचे स्नायू बघायचे होते आणि दुसऱ्याला त्याच्याही खालचं यकृत.

मी खरोखर मेहनत केली. सुरुवातीला पट्ट्यावर पाच मिनिटं पळालो की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. हळूहळू दम वाढला. मग पट्टा, मग सायकल, मग पायऱ्या चढायचं ते यंत्र, ज्यावर माणूस पुष्कळ चढतो पण वर पोचत नाही. विजारी ढिल्या झाल्या. कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडून घेतली. ऑफिसातल्यांना प्रकरणाची खात्रीच पटली. ट्रेनर रोज माझ्या पोटाकडे, शेतकरी मळ्याकडे बघतो तसा, प्रेमाने बघायचा.

जिममधून निघालो की मी दादाकडे जायचो. त्याचं घर गावठाणात, दोन गल्ल्या पलीकडे. तो पडवीत खुर्चीवर बसलेला असायचा. माझं पोट आत जात होतं आणि त्याचं पाण्याने बाहेर येत होतं, त्यामुळे आम्ही समोरासमोर बसलो की आमच्यात काहीतरी देवाणघेवाण चालू आहे असं बघणाऱ्याला वाटलं असतं. मी आलो की वहिनी आतून पेला घेऊन यायची. मोठा पितळी पेला, काठोकाठ म्हशीचं दूध, वर सायीचा जाड थर, आत वाटलेले बदाम. बरोबर ताटलीत डिंकाचे दोन लाडू. ते आमच्याकडे बाळंतिणीला देतात.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "नको वहिनी, मला बंद केलंय हे सगळं."

वहिनी मुळशीकडची. तिच्या माहेरी तीन पैलवान. अशक्त माणसाला काय लागतं याबद्दल तिच्या मनात कसलीही शंका नव्हती. "असं कसं भावजी? तुमाला कापणार हायेत. एवढा मोठा तुकडा काढणार. अंगात रगत नको?" असं म्हणून ती पेला धरून उभी राहिली. मी पुन्हा नको म्हणालो.  ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला सहन होईना. माझं मन फिरलंय की काय, हे तिला विचारायचं होतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. आमच्याकडे आपला घास नाकारणारा माणूस पुढच्या सगळ्यालाच नाही म्हणतोय असं धरतात. नवऱ्याचा जीव ज्याच्या हातात आहे त्याने आपल्या घरचं दूध परत पाठवलं, यातून तिने काय समजायचं?

"पी की," दादा खुर्चीतून म्हणाला. "एवढं ती प्रेमानं देती."

मी प्यायलो. लाडूही खाल्ले. आणि मग रोजच. मनात हिशेब करायचो की एवढं पळतोय तर एक पेला दूध कुठल्या कुठे जळून जाईल. पुढे पेल्याबरोबर वाटीभर शिराही यायला लागला. बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. ती घरी माझी पोळी कोरडी ठेवत होती, चहातली साखर काढत होती, आणि मी तिच्यासमोर दुधी गिळताना हुतात्म्यासारखा चेहरा करत होतो.

दुसऱ्या तपासणीला मी जवळजवळ ऐटीत गेलो. बारीक झालो होतो, गालफडं बसली होती. डॉक्टरांनी वजन बघून मान डोलावली. मग पडद्याकडे बघितलं आणि त्यांची मान थांबली. यकृतातली चरबी जेमतेम उतरली होती. "व्यायाम दिसतोय," ते म्हणाले. "पण तुम्ही खाताय काय?" बायकोने माझ्या वतीने दुधीपासून सगळी यादी म्हणून दाखवली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे. ते म्हणाले की भावाची तब्येत वेगाने घसरतेय. आता महिने नाहीत, काही आठवडे आहेत. तेवढ्यात नाही झालं तर माझं नाव सोडून द्यावं लागेल.

बाहेर रिक्षात बसल्यावर बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती फाडून खाईल. ती रिक्षाबाहेर बघत म्हणाली, "अहो, तुम्हाला एका बाईला नाही म्हणता येत नाही. आणि ऑफिसात म्हणे तुमचं प्रकरण."

मी सरळ दादाच्या घरी उतरलो. वहिनी स्वयंपाकघरात होती आणि पेला भरलेलाच होता. तो हातात घेतला आणि ओट्यावर ठेवला. म्हणालो, "वहिनी, रागावू नका. पण हे दूध आणि हे तूप माझ्या यकृतात जाऊन बसतंय. आणि तसलं यकृत डॉक्टर घेणार नाहीत. मी हे पीत राहिलो तर दादाला काही मिळणार नाही."

तिचा चेहरा पांढरा पडला. "आवो, पण ह्यांनीच तर सांगितलं," ती म्हणाली.

"कोणी?"

"ह्यांनी. पयल्या दिवशी दवाखान्यातनं आले आन् मला म्हणले, डॉक्टरनं सांगितलंय, बारक्याला भरपूर दूध-तूप दे. तो नको म्हणंल, लाजतोय, तरी दे. परवा म्हणले, शिरा बी दे."

 मला डॉक्टरांची खोली आठवली. पडद्यावरचा करडा डाग, आणि प्लास्टिकचं यकृत हातात तोलत एक शब्दही न बोलता सगळं ऐकणारा दादा.

मी पडवीत गेलो. तो नेहमीसारखा बसला होता. पाय सुजून चपलेतून बाहेर आले होते.

"दादा, डॉक्टर तुपा-दुधाचं काय म्हणाले होते?"

"बंद करा म्हणले होते."

"मग तू वहिनीला काय सांगितलंस?"

"चालू कर म्हणलं."

बसची वेळ विचारल्यावर सांगावी इतक्या सहज त्याने हे सांगितलं. मी त्याच्यासमोर उभाच राहिलो. त्याने माझ्याकडे न बघता, समोरच्या बिल्डिंगकडे बघत पुढचं सांगितलं.

"तू तिथं लगीच मी देतो म्हणून मोकळा झालास. मला कोणी इचारलं? तुझी दोन पोरं हायेत. तुला टेबलावर कापला आन् तू उठलाच नाहीस, तर तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू? मी नको म्हणलो असतो तर तू ऐकणार नव्हतास. ही ऐकणार नव्हती. म्हणून म्हणलं, आपण नाय म्हणायचंच नाय. डॉक्टरनंच नाय म्हणावं. कोणाचं मन दुखायला नको."

डाव म्हणून तो उत्तम होता, हे मान्य करायला पाहिजे. रोज त्याच्या समोर बसून मी त्याच्या मरणाची तयारी पेल्यापेल्याने पीत होतो आणि वर मिशी पुसत होतो. त्याच्यासाठी मी पट्ट्यावर पळत होतो आणि माझ्यासाठी तो मला लाडू भरवत होता. आम्हा दोघा भावांनी एकमेकांच्या भल्यासाठी एवढी मेहनत आयुष्यात कधी केली नव्हती.

मला हसू यायला हवं होतं. आला तो संताप. त्या दिवसापर्यंत मी दादासमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी मी ओरडलो. "तू मेल्यावर मी या पोटाचं काय करू? आरशात बघत बसू? मला विचारलंस? तुला वाचवता आलं असतं आणि वाचवलं नाही, हे घेऊन मी पुढची तीस वर्षं कशी काढायची, हे विचारलंस मला?" आवाज फाटला आणि मला रडू फुटलं. शेजारच्या गॅलरीतून कोणीतरी डोकावलं. गावाला कळू नये ही अट तिथेच मोडली असावी.

 वहिनी दारात येऊन उभी होती. ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "माझ्याच हातनं करून घेतलंत हे." एवढंच म्हणून आत गेली. दादाची मान तेव्हा खाली गेली. माझ्या ओरडण्याने गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाराची बेल वाजली. वहिनी उभी होती. नऊवारी नेसणारी ती बाई साधी गोल साडी नेसून, पायात मुलीचे बूट घालून आली होती. "चला," ती म्हणाली. "टेकडी चढायची." जिममधल्या यंत्रावर तिचा विश्वास नव्हता. जागच्या जागी पळून चरबी कशी जाईल, ती तिथंच पडंल की, असं तिचं म्हणणं. त्या दिवसापासून पहाटे वहिनीबरोबर टेकडी आणि संध्याकाळी जिम. मी दम खायला दगडावर टेकलो की ती पदर खोचून समोर उभी राहायची. "उठा भावजी. बसून काय हुतंय." तिने घरातलं तूप शेजारी देऊन टाकलं. खुराक म्हणून भिजवलेली मटकी आणि काकडी बांधून आणायची, आणि ती खाताना माझ्याकडे इतक्या करुणेने बघायची की मटकीसुद्धा जड वाटायची. माझ्या बायकोचं आणि तिचं लग्नापासून जेमतेम जमायचं. आता दोघी फोनवर माझ्या तोंडात काय गेलं याची रोज पडताळणी करू लागल्या.

आणि मग एका संध्याकाळी, पायऱ्यांच्या यंत्रावरून उतरून मी बनियन बदलत होतो, तेव्हा ट्रेनर ओरडला, "सर! हलू नका!" मला वाटलं, पाल आहे. त्याने मला खांद्याला धरून आरशासमोर दिव्याखाली उभं केलं. बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर, दोन्ही बाजूंना पुसट रेघा आल्या होत्या. पोस्टरइतकं काही नव्हतं. पण मधोमध एक खाच आणि तिच्या दोन बाजूंना दोन दोन उंचवटे, हे नाकारता येत नव्हतं. शेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या पोटातून मी न मागितलेली वस्तू निघाली होती.

ट्रेनरचे डोळे पाणावले. मी पोटाकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी मला कागदावर छेद काढून दाखवला होता. बरगड्यांच्या कडेखालून आडवा येतो आणि मधून वर जातो. मनातल्या मनात ती रेघ मी पोटावर ओढून पाहिली. बरोबर त्या उंचवट्यांवरून जात होती. मला हसू आवरेना. ट्रेनर गोंधळला. "काय झालं सर?" "काही नाही," म्हटलं. "छान आलेत."

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते पहिल्यांदा हसले.

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं फारसं नाही, कारण ते चालू असताना मी झोपलो होतो. जाग आल्यावर खूप दुखलं. हसलं, खोकलं, की प्राण कंठाशी यायचे. दादाला जास्त दिवस लागले, मधे एकदा ताप चढला तेव्हा आम्हा सगळ्यांना पुन्हा देव आठवले. पण आम्ही दोघंही जगलो. दादा आता सकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. माझे अ‍ॅब्ज चरबीखाली परत गेले आहेत, आणि वर एक भला मोठा व्रण आहे. ऑफिसातल्यांना शेवटी खरं कळलं. प्रकरण नव्हतं, याचं काहींना वाईट वाटलेलं दिसलं.

मला मात्र त्या सगळ्यातला ऑपरेशनच्या आधीचा एक दिवस सगळ्यात जास्त आठवतो. जिवंत माणसाचा अवयव घ्यायचा तर आधी समितीसमोर जावं लागतं. कोणी जबरदस्ती करत नाही ना, व्यवहार होत नाही ना, हे ते तपासतात आणि सगळ्याचं चित्रीकरण करतात. टेबलापलीकडे तीन जण होते. आधी मला बोलावलं. तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का, असं विचारलं. मी म्हणालो, "होता, पण देऊ नये म्हणून होता." कोणी हसलं नाही.

मग दादाला चाकाच्या खुर्चीतून आत आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. एका बाईंनी त्याला शांतपणे सगळं समजावून सांगितलं. तुमच्या भावाची मोठी शस्त्रक्रिया होईल, त्यांच्या जिवालाही थोडा धोका आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना? दादाने मान हलवली. "मग आता तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. तुम्हाला भावाचं यकृत हवंय का?"

 दादा पिवळ्या डोळ्यांनी टेबलाकडे बघत राहिला. मला वाटलं, गेलं सगळं. आता हा नाही म्हणेल, आणि इथे नाही म्हटलं तर ते अखेरचं.  त्याच्यासाठी मी बोलावं असं फार वाटत होतं, पण ते चालणार नव्हतं. आयुष्यभर आम्ही त्याचा चेहरा वाचून हवं ते पुढे सरकवत आलो होतो. इथे कोणाला ते करता येणार नव्हतं.

"पायजे," तो पुटपुटला.

बाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलं. "रेकॉर्डिंगमध्ये आलं नाही. जरा मोठ्याने म्हणाल का?"

दादाने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.  त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि खोलीबाहेर बसलेल्या वहिनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "पायजे. मला जगायचंय. मला बारक्याचं यकृत पायजे."

बाहेर वहिनीचा हुंदका ऐकू आला. बाई म्हणाल्या, ठीक आहे, आणि पुढचा प्रश्न विचारला.